म्युनिकचा वसंत आणि उपासाची बिअर : श्टार्कबिअरच्या दिवसांत जाण्याची तयारी

म्युनिकची बिअर म्हटली की आपल्याकडच्या बहुतेक प्रवाशांना ऑक्टोबरफेस्ट आठवतो. स्वतः म्युनिककर मात्र ज्याला कौतुकाने ‘पाचवा ऋतू’ म्हणतात तो काळ फेब्रुवारी-मार्चमध्ये, बर्फ नुकते वितळू लागलेले असताना येतो. या काळाचे नाव ‘श्टार्कबिअरत्साइट’, म्हणजे कडक बिअरचे दिवस. त्यानंतर एप्रिलच्या उत्तरार्धात ‘फ्र्यूलिंग्सफेस्ट’ नावाची वसंतजत्रा भरते आणि १ मे रोजी गावोगावी मायबाउम, म्हणजे वसंताचे रंगवलेले उंच खांब, उभे राहतात. हे तिन्ही प्रसंग एकाच वसंतात येत असले तरी त्यांचा स्वभाव वेगवेगळा आहे, आणि एकाची कल्पना मनात धरून दुसऱ्याला गेल्यास निराशा पदरी पडते. माझ्या मते वेळ थोडा असेल तर श्टार्कबिअर निवडावी, कारण ऑक्टोबरफेस्टच्या तंबूंत पर्यटकांच्या गर्दीत हरवलेले जुने म्युनिक या दिवसांत अजून बऱ्यापैकी शाबूत सापडते. म्हणून या लेखात तिच्यावरच अधिक भर दिला आहे.

आधी पंचांग पाहावे

विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी त्या वर्षीचा ईस्टर कधी आहे ते पाहणे अत्यावश्यक आहे, कारण हा सगळा उत्सव ख्रिस्ती उपवासकाळाला बांधलेला आहे. ईस्टरच्या ४६ दिवस आधी राखेचा बुधवार येतो आणि तेथून उपवासकाळ सुरू होतो. २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला असल्याने राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला येईल, तर २०२८ मध्ये ईस्टर १६ एप्रिलला असल्याने तो थेट १ मार्चवर जाईल. म्हणजे एका वर्षाच्या तारखा पाहून दुसऱ्या वर्षाचा बेत आखला, तर आपण पोचेपर्यंत पिंपे रिकामी झालेली असण्याची शक्यता आहे. नॉकरबेर्ग टेकडीवरील मुख्य उत्सव उपवासकाळातले साधारण तीन आठवडे चालतो. नेमक्या तारखा दर वर्षी जाहीर होतात, तेव्हा त्या पाहूनच मुक्काम ठरवावा. गुड फ्रायडेच्या आसपास मात्र जाऊ नये. म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियात तो ‘शांत दिवस’ मानला जातो आणि जेथे मद्य दिले जाते त्या जागेत त्या दिवशी संगीत वाजवण्यास कायद्याने बंदी असते.

उपास आणि कडक बिअर यांचा संबंध काय, असा प्रश्न साहजिकच पडतो, आणि त्याचे उत्तर समजले तर या उत्सवातली निम्मी गंमत कळते. इटलीतील पाओला गावचे संत फ्रान्सिस (१४१६ ते १५०७) यांनी स्थापलेल्या संन्यासी पंथाचे लोक १६२७ मध्ये म्युनिकला आले. गावाच्या नावावरून त्यांना पाउलानर म्हणत. त्यांच्या पंथाचा आहार अतिशय कठोर होता आणि उपवासकाळात घन अन्न जवळजवळ वर्ज्यच होते, परंतु पेयाने उपास मोडत नाही असा जुना संकेत होता. तेव्हा माल्टचे, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचे, प्रमाण वाढवून पोटाला आधार देईल अशी दाट, गोडसर आणि पौष्टिक बिअर गाळण्यात आली, जिला पुढे ‘पातळ पाव’ असे नाव पडले. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण ज्यांच्या घरात दर पंधरवड्याला खरी होते, त्यांना हा प्रकार अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. अशी बिअर प्यावी की नाही हे विचारण्यासाठी संन्याशांनी एक पिंप रोमला पोपकडे पाठवले, आल्प्स ओलांडताना ती आंबली, आणि ते आंबट पाणी चाखून पोपने ‘हे तर प्रायश्चित्तच आहे’ म्हणत खुशाल परवानगी दिली, अशी एक दंतकथा प्रत्येक टेबलावर ऐकायला मिळते. ती दंतकथा म्हणूनच ऐकावी.

पाउलानर ब्रुअरी आपला आरंभ १६३४ पासून मोजते. त्या साली शहरातील बिअर गाळणाऱ्यांनी संन्याशांच्या स्पर्धेविरुद्ध केलेली तक्रार हा तिचा पहिला लेखी पुरावा आहे, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. १७७० च्या दशकात बंधू बार्नाबास या संन्याशाने मठाच्या बिअरला कीर्ती मिळवून दिली आणि १७८० मध्ये तिच्या उघड विक्रीला परवानगी मिळाली. या बिअरचे आजचे नाव ‘साल्व्हाटोर’. संतपित्याची बिअर, ‘सांक्ट फाटर’, या शब्दांचा बोलता बोलता झालेला तो अपभ्रंश असल्याचे सांगतात. १८९६ मध्ये पाउलानरने हे नाव स्वतःसाठी राखून घेतले, तेव्हा इतर ब्रुअऱ्यांनी निदान शेपूट तरी आपली म्हणून ‘-आटोर’ने संपणारी नावे शोधली. त्यामुळे लोवेनब्रॉयची ट्रिउम्फाटोर, आउगुस्टिनरची माक्सिमाटोर, श्पाटेनची ऑप्टिमाटोर आणि हाकर-प्शोरची आनिमाटोर अशी एक भावंडांची रांगच तयार झाली. यादीत ‘-आटोर’ दिसले की समजावे, ही डॉपलबॉक, म्हणजे कडक बिअरमधलीही अधिक कडक प्रत आहे आणि हिच्याशी जपून वागायचे आहे.

किती कडक, आणि म्हणजे किती

बिअर आंबवण्यापूर्वी पाण्यात माल्टमधून किती अर्क उतरला आहे, यावर जर्मनीत बिअरची प्रत ठरते. हा मूळ अर्क किमान १६ टक्के असेल तर ती बॉक आणि किमान १८ टक्के असेल तर ती डॉपलबॉक. येथे एक गैरसमज हमखास होतो, तो म्हणजे १८ टक्के हे मद्यार्काचे प्रमाण समजण्याचा. साल्व्हाटोरमध्ये मद्यार्क ७.९ टक्के असतो. हा आकडा लहान वाटला तरी एक लिटरच्या मगाचा हिशेब करून पाहावा. त्यात सुमारे ६२ ग्रॅम शुद्ध मद्यार्क भरतो, म्हणजे नेहमीच्या ५ टक्क्यांच्या बिअरचे अर्ध्या लिटरचे तीन ग्लास एका मगात मावतात. शिवाय माल्टच्या गोडव्यामुळे कडूपणा जाणवत नाही आणि घसा अडवत नाही. पहिल्या वर्षी मी तो मग नेहमीच्या बिअरच्या वेगाने अर्ध्या तासात संपवला, शेजारच्या आजोबांनी भुवई उंचावली ती मला कौतुकाची वाटली, आणि परतताना पायऱ्या उतरण्यासाठी कठडा का लावलेला असतो हे नीट कळले. त्या आजोबांचा मग तेव्हा पाऊणही रिकामा झालेला नव्हता. एका दुपारी किंवा संध्याकाळी एक मग, तोही दीड-दोन तासांत, आणि बरोबरीने पाणी, हे प्रमाण मी तेव्हापासून पाळतो आणि तेच सुचवतो.

बॉक हे नाव मुळात बव्हेरियाचे नाहीच. उत्तर जर्मनीतील आइनबेक हे गाव मध्ययुगात आपल्या कडक बिअरसाठी प्रसिद्ध होते. ती बिअर म्युनिकच्या राजदरबारात मागवली जाई. शेवटी १६१४ मध्ये आइनबेकच्या एलिआस पिख्लर या कारागिरालाच होफब्रॉयहाउस या म्युनिकच्या दरबारी ब्रुअरीत आणण्यात आले. ‘आइनबेकची’ या शब्दाचा म्युनिकच्या बोलीत ‘आइन बॉक’, म्हणजे ‘एक बोकड’, असा उच्चार झाला, आणि म्हणून आजही अनेक बाटल्यांच्या लेबलांवर शिंगे रोखलेला बोकड उभा असतो.

नॉकरबेर्गवरची दुपार

मुख्य जागा म्हणजे ईझार नदीच्या पूर्वेला, आउ या जुन्या वस्तीच्या वरच्या अंगाला असलेली नॉकरबेर्ग टेकडी. तेथील पाउलानरच्या सभागृहात श्टार्कबिअरचा उत्सव भरतो. भुयारी रेल्वेच्या कोलुम्बुसप्लाट्झ स्थानकावरून चढ चालत तेथे जाता येते. सुरुवातीचा सोहळा निमंत्रितांसाठीच असतो, त्यामुळे त्याची तिकिटे शोधत बसू नये. पहिला मग बव्हेरियाच्या मुख्यमंत्र्यांना लॅटिन अभिवादनासह दिला जातो आणि मग ज्याला ‘डेरब्लेकन’ म्हणतात तो प्रकार घडतो. वक्ता व्यासपीठावरून समोर बसलेल्या पुढाऱ्यांना एकेक करून शालजोडीतले हाणतो, आणि पुढाऱ्यांना कॅमेऱ्यासमोर हसत बसावे लागते. ज्याचे नाव भाषणात येतच नाही त्याची फजिती सर्वांत मोठी, असे मानतात. बव्हेरियाची सार्वजनिक दूरचित्रवाणी हा कार्यक्रम थेट दाखवते. त्या संध्याकाळी आपण म्युनिकमध्ये असाल तर एखाद्या मोहल्ल्यातल्या बिअरगृहात बसून तो पाहावा. बोली कळली नाही तरी कोणत्या वाक्यावर कोणाचा चेहरा पडतो हे कळतेच.

त्यानंतर सभागृह सर्वांसाठी खुले होते. शुक्रवार-शनिवारची संध्याकाळ हवी असेल तर टेबल बरेच आधी राखून ठेवावे लागते. मोठ्या सभागृहांत आरक्षण बहुधा पूर्ण टेबलाचे, म्हणजे आठ-दहा जणांचे होते आणि त्याबरोबर खाण्यापिण्याची कुपने आगाऊ विकत घ्यावी लागतात. दोघा-चौघांनी त्या वाटेला न जाता आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी जावे. टेबलावर जागा दिसली तर सरळ बसू नये. आधी ‘इस्ट हिअर नॉख फ्राय?’, येथे जागा आहे का, असे विचारावे. उत्तर बहुतेक वेळा मान हलवून मिळते आणि बाकावरची माणसे सरकून जागा करतात. ‘श्टामटिश’ अशी पाटी असलेल्या टेबलावर मात्र, ते कितीही रिकामे असले तरी, बसू नये. ते नेहमीच्या मंडळींचे असते आणि ती मंडळी येतातच.

या उत्सवात बिअर बहुधा करड्या दगडी मगात येते, ज्याला केफरलोअर म्हणतात. एक लिटरच्या या मापाचे नाव ‘मस्स’. उच्चार आखूड ठेवावा, आपल्या चैत्र मासासारखा लांबवू नये. भरलेला मग दोन किलोंच्या वर जातो, त्यामुळे तो बोटांनी कानाला धरून उचलण्याऐवजी चारही बोटे कानातून आत घालून तळवा मगाच्या अंगाला टेकवावा. मनगट आणि बिअर दोन्ही सांभाळली जातात. दगडी भांडे बिअर थंड ठेवते, परंतु त्यातून आरपार दिसत नसल्याने मग पूर्ण भरला आहे की वर नुसता फेस आहे हे समजत नाही. म्हणून तो आल्यावर क्षणभर थांबावे, फेस बसू द्यावा आणि पातळी मापाच्या खुणेखाली राहिली तर निःसंकोच भरून मागावे. यात ओशाळण्यासारखे काही नाही. कमी माप भरण्याविरुद्ध लढणारी एक नोंदणीकृत संघटनाच या शहरात आहे. चिअर्सच्या जागी ‘प्रोस्ट’ म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहावे आणि मगाचा जाड तळ तळाशी भिडवावा. बँड ठरावीक वेळाने प्रोझिटची छोटीशी धून वाजवतो, तेव्हा सगळे मग वर करतात आणि त्याआधी तोंडाला लावलेला मग खाली ठेवला जातो. बाकावर उभे राहून गाणे चालते, टेबलावर चढणे चालत नाही. मग आठवण म्हणून पिशवीत टाकणे ही चोरीच होय आणि दारावरचा पहारेकरी ती तशीच हाताळतो. हवा असेल तर विकत मिळतो.

पेहरावाची सक्ती नाही. स्थानिक लोक लेडरहोझे (चामड्याची विजार) आणि डिर्न्डल (बायकांचा पारंपरिक झगा) घालतात, परंतु रेल्वे स्थानकावर मिळणारी नाटकी, पातळ नक्कल घालण्यापेक्षा साधा स्वच्छ शर्ट कितीतरी बरा दिसतो. मार्चमध्ये बाहेर कडाक्याची थंडी आणि सभागृहात भट्टीसारखी ऊब असते, म्हणून एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ थर घालावेत.

पोटात आधार

रिकाम्या पोटी डॉपलबॉक पिणे हा शुद्ध अविचार आहे. मांसाहारी लोकांसाठी कुरकुरीत सालीचा डुकराचा पाय, लेबरकेझ (वाटलेल्या मांसाची भाजलेली वडी) आणि सॉसेज असे पर्याय भरपूर असतात. शाकाहारी वाचकांनी तीन नावे पाठ करावीत. ‘ब्रेत्स’ म्हणजे जाड मिठाचे खडे लावलेला, गाठ मारल्यासारखा पाव. ‘ओबात्स्डा’ म्हणजे पिकलेले कामांबेर चीज, लोणी, कांदा आणि लाल पाप्रिका कालवून केलेला दाट प्रकार, जो ब्रेत्सला लावून खातात. ‘केझेश्पेत्स्ले’ म्हणजे वितळलेल्या चीजमधल्या मऊ शेवया, ज्यांवर तळलेला कांदा पसरलेला असतो. बटाट्याचे सॅलड मात्र दिसते तितके निरागस नसते, कारण बव्हेरियात ते मेयोनेझऐवजी गरम रश्श्यात मुरवतात आणि तो रस्सा पुष्कळदा मांसाचा असतो. माझ्या बरोबरच्या एका कट्टर शाकाहारी मित्राने दोन वाट्या आवडीने संपवल्यानंतर हे कळले होते. विचारूनच घ्यावे. अंडेही चालत नसेल तर श्पेत्स्लेही वर्ज्य, कारण त्या शेवयांच्या पिठात अंडे असते.

नॉकरबेर्गवर जागा मिळाली नाही तर लोवेनब्रॉयकेलर या दुसऱ्या मोठ्या बिअरगृहाचा विचार करावा. तेथील उत्सवात दगड उचलण्याची स्पर्धा असते. हान्स श्टायरर नावाच्या एकोणिसाव्या शतकातील म्युनिकच्या खाटकाने ५०८ पौंडांचा दगड एका बोटाने उचलल्याची कथा आहे, आणि त्याच्या स्मरणार्थ आजचे स्पर्धक २५४ किलोंचा दगड चौकटीत उभे राहून दोन पायांमधल्या कडीने वर ओढतात. जर्मन पौंड अर्ध्या किलोचा असल्याने ही दोन्ही वजने एकच आहेत. ज्यांना गोंगाट नको असेल त्यांनी एक दिवस आंडेक्सच्या बेनेडिक्टाइन मठासाठी राखून ठेवावा. एस ८ या उपनगरी गाडीने शेवटच्या हेरशिंग स्थानकावर उतरून, कीनटाल या दरीतून झाडीतल्या वाटेने साधारण तासाभरात टेकडीवरच्या मठात पोचता येते. तेथील गडद डॉपलबॉक उत्सवाविनाही मिळते, आणि चढून गेल्यावर मिळालेल्या त्या मगाची चव मला सभागृहातल्या मगापेक्षा उजवी वाटते.

एप्रिल-मे : जत्रा आणि खांब

उपवासकाळात येणे जमत नसेल तर फ्र्यूलिंग्सफेस्ट आहेच. ऑक्टोबरफेस्ट जेथे भरतो त्याच तेरेझिएनवीझे मैदानावर, एप्रिलच्या उत्तरार्धापासून मेच्या सुरुवातीच्या आठवड्यापर्यंत ही जत्रा चालते आणि तिला मोठ्या उत्सवाची ‘धाकटी बहीण’ म्हणतात. प्रवेश विनामूल्य असतो, तंबू मोजकेच असतात, पाळणे भरपूर असतात, आणि मुलांना घेऊन जाण्यास ती कितीतरी सोयीची आहे. पहिल्या शनिवारी बव्हेरियन रेडक्रॉसचा जुन्या वस्तूंचा प्रचंड बाजार याच मैदानावर भरतो. जुने दगडी मग आणि खरी, वापरलेली लेडरहोझे तेथे दुकानापेक्षा पुष्कळ स्वस्त मिळतात, मात्र सकाळी लवकर जावे लागते. या दिवसांत प्यायची बिअर म्हणजे माइबॉक, रंगाने फिकी, हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या वेलीच्या फुलांचा) वास जास्त आणि कडकपणा ७ टक्क्यांच्या आसपास. २३ एप्रिल हा जर्मन बिअर दिन आहे, कारण १५१६ मध्ये याच तारखेला इंगोलश्टाट येथे बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढ्यांपासूनच बिअर करावी असा प्रसिद्ध शुद्धतेचा आदेश निघाला. यीस्टचा त्यात उल्लेख नाही.

१ मे रोजी शहरापेक्षा एखाद्या खेड्यात जावे. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा उंच मायबाउम गावकरी लांब काठ्यांच्या जोड्यांनी रेटत, दोरखंड किंवा क्रेनशिवाय, तासन् तास खपून उभा करतात आणि बँड मधूनमधून त्यांना दम खायला देतो. प्रत्येक गाव दर वर्षी नवा खांब उभारत नाही, म्हणून कोणत्या गावाची पाळी आहे ते आधी विचारून घ्यावे. उभारणीपूर्वी शेजारच्या गावची पोरे तो खांब पळवतात आणि बिअर व खाण्याच्या खंडणीवर परत करतात. ही चोरी रीतीला धरून मानली जाते. २००४ मध्ये तर त्सुगश्पित्से या जर्मनीतील सर्वांत उंच शिखरावरचा खांब हेलिकॉप्टरने पळवला गेला होता. १ मे ही सार्वजनिक सुटी असल्याने दुकाने बंद असतात, तेव्हा पाणी आणि फळे आदल्या दिवशीच घेऊन ठेवावीत.

पैसे आणि परतीची वाट

मोठ्या उत्सवांत एका मगाला १२ ते १५ युरो लागतील असे धरून चालावे. मग टेबलावर येताच पैसे देण्याची पद्धत असल्याने ५, १० आणि २० युरोच्या नोटा जवळ ठेवाव्यात. बक्षिसी टेबलावर ठेवून जात नाहीत. साधारण पाच-दहा टक्के धरून पूर्ण रक्कम तोंडाने सांगायची आणि नोट द्यायची, उरलेले सुटे परत येतात. बिअर पिण्याचे कायदेशीर वय १६ आहे, परंतु चेहऱ्यावरून शंका आल्यास ओळखपत्र मागतात, म्हणून पारपत्राची प्रत बाळगावी.

गाडी भाड्याने घेतली असेल तर ती हॉटेलातच ठेवावी. जर्मनीत चालकाच्या रक्तातील मद्यार्काची मर्यादा हजारी ०.५ आहे, २१ वर्षांखालील आणि नवशिक्या चालकांसाठी ती शून्य आहे, आणि साल्व्हाटोरच्या एका मगाने ७५ किलोंचा पुरुष त्या मर्यादेच्या दुपटीवर सहज जातो. शरीर तासाला हजारी ०.१ ते ०.२ एवढेच मद्यार्क निचरते, त्यामुळे रात्री उशिरापर्यंत प्यायल्यास दुसऱ्या दिवशी सकाळीही चाक हाती धरू नये. रस्त्यावर उभ्या असलेल्या भाड्याच्या ई-स्कूटरचा मोह अनेकांना होतो, परंतु तिला मोटारीचीच मर्यादा लागू होते आणि पोलिसांची नजर या दिवसांत त्यांच्यावरच असते. चार-पाच जण असाल तर ‘ग्रुपेन-टागेसकार्टे’ हे दिवसभराचे सामायिक तिकीट काढावे. पाच प्रौढांना ते एकत्र चालते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ६ पर्यंत वैध असते. ते एकाच्या खिशात असते, त्यामुळे गर्दीत फाटाफूट झाल्यास बाकीचे चौघे बिनतिकिटाचे ठरतात. तेव्हा टेकडी उतरण्यापूर्वी स्थानकावर कोठे भेटायचे ते पहिला घोट घेण्याआधीच ठरवून ठेवावे.